जेन गुडाल आणि गोंबेचे चिंपांझी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जेन गुडाल यांचा विषय निघाला की बहुतेक जण एका दिवसापाशी थांबतात. चिंपांझीने गवताच्या काडीने वारुळातली वाळवी काढून खाल्ली, तो दिवस. तो मोठा होताच. पण गोंबेच्या जंगलातून जे कळलं त्यातलं बरंचसं त्यानंतर दहा, वीस, चाळीस वर्षांनी कळलं, कारण नोंदवही कधी मिटली नाही. माझ्या मते त्यांचं खरं मोठेपण इथे आहे, म्हणून खालच्या उत्तरांत मी या गोष्टीकडे पुन्हापुन्हा वळलो आहे.

जेन गुडाल कोण होत्या?

रानातल्या चिंपांझींचा सर्वांत दीर्घकाळ चाललेला अभ्यास सुरू करणाऱ्या ब्रिटिश संशोधक. जन्म ३ एप्रिल १९३४, लंडन. बालपण इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बोर्नमथमध्ये गेलं. १४ जुलै १९६० रोजी, वयाच्या २६ व्या वर्षी, त्या टांगानिका सरोवराच्या काठावरच्या गोंबेत उतरल्या. हा भाग आज टांझानियात आहे. १ ऑक्टोबर २०२५ रोजी, अमेरिकेत व्याख्यानांचा दौरा चालू असताना कॅलिफोर्नियात त्यांचं निधन झालं. तेव्हा त्या ९१ वर्षांच्या होत्या.

प्राण्यांची ओढ लहानपणापासूनच होती का?

होती, आणि तिला घरातून पाठबळ होतं. चार-पाच वर्षांची जेन एकदा काही तास बेपत्ता झाली. शोधाशोध सुरू झाली, पोलिसांपर्यंत गोष्ट गेली. ती खुराड्यात पेंढ्याखाली दबा धरून बसली होती. एवढं मोठं अंडं कोंबडीच्या अंगातून कुठून बाहेर येतं, ते तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. आई व्हॅन यांनी रागावण्याऐवजी तिची सगळी हकिगत ऐकून घेतली. जेन पुढे आयुष्यभर ही गोष्ट सांगत आल्या. मला ती महत्त्वाची वाटते, कारण पुढे गोंबेत केलेलं काम याच जातीचं होतं: लपून बसायचं, हलायचं नाही आणि घडायचं ते घडेपर्यंत थांबायचं.

वडिलांनी दिलेलं ज्युबिली नावाचं खेळण्यातलं चिंपांझीही प्रसिद्ध आहे. ते त्यांनी शेवटपर्यंत जपलं.

विद्यापीठाची पदवी नसताना त्यांची निवड कशी झाली?

कॉलेजात जाण्याइतके पैसे घरात नव्हते. जेन सेक्रेटरीचं काम शिकल्या, ऑक्सफर्डमध्ये आणि एका चित्रपट कंपनीत नोकरी केली. एका मैत्रिणीने केनियातल्या शेतावर बोलावलं, तेव्हा बोटीच्या भाड्यासाठी हॉटेलात वेट्रेसचं काम करून पैसे जमवले. १९५७ मध्ये त्या आफ्रिकेत पोहोचल्या.

नैरोबीच्या संग्रहालयात लुई लीकी यांची भेट झाली. मानवाच्या पूर्वजांचे जीवाश्म शोधण्यात आयुष्य घालवलेले हे शास्त्रज्ञ होते. हाडांवरून शरीराची ठेवण समजते, वागणं समजत नाही. माणसाला जवळच्या वानरांचं रानातलं जगणं पाहिलं तर आपल्या पूर्वजांच्या वागण्याचा थोडा अंदाज येईल, असं त्यांना वाटत होतं. त्यासाठी त्यांना पढीक सिद्धांतांचं ओझं नसलेलं, चिकाटीचं माणूस हवं होतं. जेन यांना आधी सेक्रेटरी म्हणून घेतलं, ओल्डुवाई दरीतल्या जीवाश्मांच्या उत्खननावर नेलं आणि मग चिंपांझींचं काम त्यांच्यापुढे ठेवलं. निधी सहजी मिळाला नाही. अखेर लेटन विल्की या अमेरिकन उद्योजकाने पहिल्या काही महिन्यांचा खर्च उचलला. पुढे १९६१ पासून नॅशनल जिओग्राफिक सोसायटीचं पाठबळ मिळालं.

त्यांच्याआधी कोणी चिंपांझींचा अभ्यास केलाच नव्हता?

केला होता, आणि हे सांगितलंच पाहिजे. वोल्फगांग कोलर यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात टेनेरीफ बेटावर पाळीव चिंपांझींना काठ्या आणि खोकी वापरून केळी मिळवताना पाहिलं होतं. हेन्री निसेन यांनी १९३० मध्ये फ्रेंच गिनीच्या रानात सुमारे अडीच महिने निरीक्षण केलं. जपानमध्ये किंजी इमानिशी आणि त्यांचे सहकारी माकडांना एकेक करून ओळखायला आणि नावं द्यायला १९५० च्या सुमारासच लागले होते. प्राण्यांना नावं देणाऱ्या जगातल्या पहिल्या संशोधक जेन गुडाल, हे वाक्य बऱ्याच लेखांत दिसतं. ते खरं नाही.

वेगळेपण होतं ते मुक्कामात. रानातल्या चिंपांझींसोबत इतका काळ कोणी राहिलंच नव्हतं.

त्या आईला घेऊन जंगलात का गेल्या?

तेव्हा टांगानिका ब्रिटिशांच्या ताब्यात होता आणि तरुण स्त्रीने एकटीने जंगलात राहायला अधिकाऱ्यांची हरकत होती. कोणीतरी सोबत हवं होतं, म्हणून आई निघाल्या. वाटेत सरोवराकाठच्या किगोमा गावात त्यांना थांबावं लागलं, कारण बेल्जियन काँगोतल्या गोंधळामुळे सरोवरापलीकडून निर्वासितांचे लोंढे येत होते. मायलेकींनी तिथे निर्वासितांसाठी जेवण बनवायला हातभार लावला. गोंबेत पोहोचल्यावर दोघीही मलेरियाने अंथरुणाला खिळल्या.

व्हॅन यांचा वाटा सोबतीपुरता नव्हता. त्यांनी कोळी लोकांसाठी छोटा दवाखाना चालवला आणि साधी औषधं दिली. आसपासच्या लोकांचा विश्वास त्यातून बसला, आणि त्या काही महिन्यांनी परतल्यावरही तो जेन यांच्या कामी आला.

सुरुवातीचे महिने कसे गेले?

निराशेत. चिंपांझी त्यांना पाचशे मीटरवरून पाहूनही पळून जायचे. जेन रोज पहाटे एका उंचवट्यावर जाऊन बसायच्या. तिथून दोन्हीकडच्या दऱ्या दिसायच्या. एकाच फिकट रंगाचे कपडे, दुर्बीण, जवळच्या पत्र्याच्या पेटीत घोंगडी आणि कॉफी. जवळ जायचा प्रयत्न न करता त्यांनी स्वतःला दिसू दिलं, दिवसामागून दिवस, त्याच जागी. हळूहळू चिंपांझींना त्या धोक्याच्या वाटेनाशा झाल्या.

सर्वांत आधी भीड चेपली ती पांढुरक्या दाढीच्या एका नराची. त्याचं नाव जेन यांनी डेव्हिड ग्रेबिअर्ड ठेवलं. तो शांत असायचा, आणि तो पळत नाही हे पाहून बाकीचेही थांबू लागले. पुढे एकदा त्यांनी तळहातावर लालबुंद पामफळ ठेवून त्याच्यापुढे धरलं. त्याने फळ घेतलं, खाली टाकलं आणि त्यांची बोटं हलकेच दाबली. घाबरलेल्या सोबत्याला चिंपांझी असाच धीर देतात.

वाळवीच्या काडीचा नेमका शोध काय होता?

४ नोव्हेंबर १९६० ला डेव्हिड ग्रेबिअर्ड एका वारुळापाशी बसलेला त्यांना दिसला. पावसाळ्याच्या सुरुवातीला पंख फुटलेल्या वाळव्या उडण्याच्या तयारीत असतात, तेव्हा कामकरी वाळव्या वारुळातली बिळं पृष्ठभागापर्यंत नेऊन वरून मातीच्या पातळ थराने बंद करतात. चिंपांझी तो थर नखाने खरवडतो, बिळात गवताची काडी सरकवतो आणि वाट बघतो. सैनिक वाळव्या काडीला कडकडून चावतात. मग काडी अलगद बाहेर काढायची आणि ओठांनी वाळव्या टिपायच्या. घाईने ओढली तर त्या गळून पडतात. पिल्लांना हे जमायला काही वर्षं लागतात.

पुढच्या निरीक्षणांत त्याहून मोठी गोष्ट दिसली. चिंपांझी पानं असलेली डहाळी तोडून तिची पानं ओरबाडून टाकत आणि मग ती वापरत. म्हणजे मिळालेली वस्तू वापरण्यापलीकडे जाऊन तो कामाजोगं हत्यार घडवत होता. त्या काळी हत्यार बनवणारा प्राणी हीच माणसाची व्याख्या शास्त्रज्ञ देत. लीकींना तार गेली. त्यांचं उत्तर गाजलं: आता एकतर हत्याराची व्याख्या बदला, नाहीतर माणसाची, नाहीतर चिंपांझींना माणूस माना, अशा अर्थाचं.

पुढे पानं चावून त्यांचा बोळा करायचा आणि झाडाच्या ढोलीतलं पाणी त्याने शोषून प्यायचं, अशाही नोंदी झाल्या. आफ्रिकेत इतरत्र चिंपांझी दगडाने कठीण कवचाची फळं फोडतात. गोंबेत ते तसं करत नाहीत. प्रत्येक समुदायाच्या सवयी वेगळ्या असतात आणि त्या पिढ्यांतून शिकल्या जातात, हे कळण्यासाठी अनेक ठिकाणी अनेक वर्षं बसावं लागलं.

चिंपांझी मांस खातात हेही त्यांनीच पाहिलं?

हो, आणि वाळवीच्या घटनेच्या काही दिवस आधी, ३० ऑक्टोबर १९६० ला. डेव्हिड ग्रेबिअर्ड झाडावर गुलाबीसर काहीतरी खात होता. ते रानडुकराचं पिल्लू होतं. शेजारी एक मादी आणि एक पोर हात पसरून वाटा मागत होते. चिंपांझी पूर्ण शाकाहारी असतात ही तोवरची समजूत त्या दिवशी गेली. ते तांबड्या कोलोबस माकडांची शिकार करतात, बऱ्याचदा टोळीने, हे पुढे सविस्तर नोंदलं गेलं.

नावं देण्यावरून एवढा वाद का झाला?

तेव्हाच्या प्राणिवर्तनशास्त्रात प्राण्याला क्रमांक देणं शिस्तीचं मानलं जाई. नाव दिलं की संशोधक गुंततो, भावना चिकटवतो, अशी भीती होती. जेन १९६२ मध्ये केंब्रिजला पीएचडीसाठी गेल्या. पहिली पदवी नसताना तिथे पीएचडीला प्रवेश मिळालेल्या मोजक्या लोकांपैकी त्या एक. तिथे त्यांना सांगण्यात आलं की चिंपांझींना व्यक्तिमत्त्व, मन किंवा भावना आहेत असं लिहिता येणार नाही. एका शोधनिबंधात संपादकाने चिंपांझींचा उल्लेख निर्जीव वस्तूसारखा करून पाठवला, तर त्यांनी नर-मादीचे उल्लेख पुन्हा जिथल्या तिथे बसवले.

मार्गदर्शक रॉबर्ट हाइंड यांनी वाट काढून दिली. ते म्हणाले, फिफी या छोट्या चिंपांझीला मत्सर वाटला असं लिहू नकोस. फिफी अशी वागली की ती माणसाचं मूल असती तर आपण तिला मत्सरी म्हटलं असतं, असं लिही. जेन यांनी हा सल्ला कृतज्ञतेने मानला. मलाही तो मोलाचा वाटतो. त्यात निरीक्षण जसंच्या तसं राहतं आणि वाचणाऱ्याला जे समजायचं ते समजतंच.

नावांशिवाय हे काम झालंच नसतं. माइक नावाच्या साध्या अंगकाठीच्या नराने १९६४ मध्ये छावणीतले रॉकेलचे रिकामे डबे गडगडत, खणखणत इतर नरांवर चाल केली आणि एकही मोठी मारामारी न करता सर्वोच्च स्थान मिळवलं. ही गोष्ट माइकची होती. दुसऱ्या कोणी असं केलं नाही. सरासरी चिंपांझी असा नसतोच, हे कळायला आधी माइक माइक म्हणून ओळखता यावा लागतो.

फ्लो आणि तिचं कुटुंब एवढं प्रसिद्ध का?

माझ्या दृष्टीने गोंबेचा गाभा हाच आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

फ्लो ही फाटक्या कानांची, फुगीर नाकाची वयस्क मादी. दिसायला ओबडधोबड, पण वरच्या मानाची, आणि पिल्लांशी अतिशय मायेने वागणारी. तिची मुलं फाबेन, फिगन, फिफी आणि धाकटा मुलगा फ्लिंट. चिंपांझी मादीला साधारण पाच वर्षांनी एक पिल्लू होतं आणि ते आठ-दहा वर्षांचं होईपर्यंत आईच्या आसपासच असतं. म्हणजे एका मादीचं मातृत्व समजून घ्यायचं तर वीस-पंचवीस वर्षं लागणार. दोन वर्षांच्या प्रकल्पात त्यातली एक चिंधीही हाती लागत नाही.

१९७२ मध्ये फ्लो एका ओढ्याच्या काठी मरण पावली. तेव्हा फ्लिंट साडेआठ वर्षांचा होता, एव्हाना स्वतंत्र व्हायला हवा होता, पण म्हातारपणी आईला त्याला तोडणं जमलं नव्हतं. तिच्यामागे त्याने खाणं टाकलं, इतरांपासून दूर राहू लागला, आजारी पडला आणि सुमारे तीन आठवड्यांत, आई गेली त्याच जागेजवळ मेला. फ्लोचा मृत्युलेख लंडनच्या संडे टाइम्समध्ये छापून आला.

दुसरीकडे फिगन समुदायाचा प्रमुख झाला, आणि त्याला मोठ्या भावाची, फाबेनची साथ होती. फिफीला नऊ पिल्लं झाली. तिचे तीन मुलगे, फ्रॉइड, फ्रोडो आणि फर्डिनंड, वेगवेगळ्या काळी प्रमुख झाले. फिफी २००४ मध्ये दिसेनाशी झाली, तेव्हा जेन यांनी सुरुवातीला ओळखलेल्या चिंपांझींपैकी ती शेवटची होती. वरच्या मानाच्या माद्यांची पिल्लं जास्त जगतात आणि त्यांच्या मुली लवकर वयात येतात, हे १९९७ मध्ये सायन्स या नियतकालिकात ॲन प्यूसी, जेनिफर विल्यम्स आणि गुडाल यांनी मांडलं. ३५ वर्षांच्या नोंदी होत्या म्हणून ते मांडता आलं. त्याआधी माद्यांमध्ये मानाची उतरंड आहे की नाही हेही नीट दिसत नव्हतं.

चिंपांझींचं युद्ध म्हणजे काय?

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला गोंबेतला मुख्य समुदाय दुभंगला. उत्तरेत कासाकेला, दक्षिणेत काहामा. काहामात सहा प्रौढ नर आणि स्निफ नावाचा एक तरुण नर होता. जानेवारी १९७४ मध्ये कासाकेलाच्या टोळीने काहामाच्या गोडीला एकटा गाठलं आणि जबर मारलं. तो पुन्हा दिसला नाही. हिलाली मतामा या अनुभवी टांझानियन सहाय्यकाने हा हल्ला पाहिला. नंतरच्या चार वर्षांत काहामाचे सगळे नर एकेक करून मारले गेले किंवा नाहीसे झाले. त्यांत गोलायथही होता, डेव्हिड ग्रेबिअर्डचा जुना सोबती, तेव्हा म्हातारा झालेला. मारणारे त्याला वर्षानुवर्षं ओळखत होते.

त्याच काळात पॅशन आणि तिची मुलगी पॉम यांनी स्वतःच्याच समुदायातल्या माद्यांची तान्ही पिल्लं हिसकावून मारून खाल्ली.

पहिली दहा वर्षं जेन यांना चिंपांझी माणसापेक्षा थोडे बरे वाटत होते. ती समजूत मोडली. ती दृश्यं रात्री झोपेतही दिसायची, असं त्यांनी पुढे लिहिलं. माणसाची हिंसा अटळ आहे असं म्हणायला लोक याचा आधार घेतील, म्हणून हे जाहीर करू नका, असा सल्लाही काहींनी दिला. त्यांनी सगळं प्रसिद्ध केलं. ज्यांच्यावर इतका जीव त्यांच्याविषयीचं कटू सत्य लिहिणं सोपं नसतं, आणि त्यांच्याबद्दलचा माझा आदर इथे सर्वांत जास्त आहे.

फूट का पडली, याचं उत्तर त्यानंतर चाळीसेक वर्षांनी आलं. जुन्या हस्तलिखित नोंदी संगणकावर आणून कोण कोणासोबत वावरत होतं याचं जाळं संशोधकांनी मांडलं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हंफ्री, चार्ली आणि ह्यू या तीन वरिष्ठ नरांमधली सत्तेची ओढाताण आणि तेव्हाची माद्यांची कमी संख्या ही फुटीची कारणं दिसली.

केळी खायला घातल्यामुळे ते हिंसक झाले, हा आरोप खरा आहे का?

केळी दिली जात होती, हे खरं. १९६२ पासून जवळून पाहता आणि चित्रित करता यावं म्हणून छावणीत केळी ठेवली जात. त्यामुळे गर्दी झाली, भांडणं वाढली, बबून माकडांशीही झटापटी झाल्या. जेन यांनी ही पद्धत बदलली, प्रमाण बरंच कमी केलं आणि पुढे ती पूर्ण थांबली. आज कोणीही संशोधक असं करणार नाही.

पण जीवघेणे हल्ले केळ्यांमुळेच झाले का? जिथे असं खाणं कधी दिलंच नाही अशा ठिकाणीही ते दिसले. २०१४ मध्ये नेचरमध्ये चिंपांझींच्या १८ समुदायांच्या नोंदी एकत्र मांडल्या गेल्या. त्यांत पाहिलेल्या, अनुमान काढलेल्या आणि संशयित अशा १५२ हत्या होत्या. माणसाचा हस्तक्षेप कमी-जास्त असण्याशी त्यांचा मेळ बसला नाही. नरांची संख्या आणि लोकसंख्येची घनता यांच्याशी बसला.

आजारी चिंपांझींना त्या औषध देत असत का?

१९६६ मध्ये गोंबेत पोलिओसारख्या आजाराची साथ आली. काहींचे हातपाय लुळे पडले, काही मेले. मिस्टर मॅकग्रेगर नावाचा म्हातारा नर दोन्ही पाय निकामी होऊन जमिनीवर सरपटत होता. त्याचे हाल संपवण्यासाठी त्याला गोळी घालावी लागली. बाकीच्यांना केळ्यांतून लस दिली. निसर्गात ढवळाढवळ नको, हा आक्षेप तेव्हा घेतला गेला. जेन यांचं म्हणणं साधं होतं: माणूस आधीच त्यांचं इतकं बिघडवतो, तर जमेल तिथे मदत का करू नये?

माणसाचे आजार चिंपांझींना सहज लागतात, हे आता पक्कं ठाऊक आहे. आज गोंबेत अंतर राखण्याचे नियम कडक आहेत. पामफळ हातावर धरण्याचा तो प्रसंग आता होऊ दिला जात नाही, आणि तेच बरोबर आहे.

१९७५ चं अपहरण काय होतं? काम तेव्हा बंद पडलं नाही का?

१९ मे १९७५ च्या रात्री सरोवरापलीकडच्या झाईरमधून (आधीचा बेल्जियन काँगो) सशस्त्र बंडखोर बोटीने आले आणि चार विद्यार्थ्यांना घेऊन गेले. तिघे अमेरिकन, एक डच. बऱ्याच वाटाघाटींनंतर सगळे जिवंत सुटले. पण परदेशी विद्यार्थ्यांना गोंबेत राहणं अशक्य झालं आणि खुद्द जेन यांनाही तिथे फार काळ थांबता येईना.

तिथे सगळं संपायला हवं होतं. ते संपलं नाही, कारण टांझानियन सहाय्यक दुसऱ्या दिवशीही चिंपांझींमागे निघाले. आसपासच्या गावांतली ही माणसं आधीच प्रत्येक चिंपांझी ओळखत होती. हिलाली मतामा, एस्लोम म्पोंगो, हमीसी म्कोनो, याहाया अलमासी. नोंदी स्वाहिलीत होऊ लागल्या. चार वर्षांच्या युद्धाचा बराचसा भाग आणि पॅशनच्या हल्ल्यांच्या कित्येक नोंदी त्यांच्या आहेत. गुडाल यांच्यावरच्या लेखांत ही नावं क्वचितच येतात. ती यायला हवीत. अखंड नोंद असं आपण अभिमानाने म्हणतो, तेव्हा ती कोणाच्या पायांनी चालली हे विसरून चालणार नाही.

त्यांच्या कौटुंबिक आयुष्याबद्दल?

१९६२ मध्ये डच छायाचित्रकार ह्यूगो व्हान लाविक गोंबेत आले. १९६४ मध्ये दोघांचं लग्न झालं, १९६७ मध्ये मुलगा झाला, १९७४ मध्ये घटस्फोट. चिंपांझींनी माणसाची तान्ही मुलं पळवल्याच्या घटना त्या भागात घडलेल्या असल्यामुळे बाळासाठी जाळीची सुरक्षित जागा करावी लागली होती. १९७५ मध्ये टांझानियाच्या राष्ट्रीय उद्यानांचे प्रमुख डेरेक ब्राइसन यांच्याशी त्यांनी लग्न केलं. १९८० मध्ये ते कर्करोगाने गेले.

म्हणजे चिंपांझी माणसासाठी धोकादायक असतात?

असू शकतात. प्रौढ नराची ताकद माणसापेक्षा बरीच जास्त असते. फिफीचा मुलगा फ्रोडो याने जेन यांनाही मारहाण केली होती, आणि २००२ मध्ये त्याने उद्यानात एका मानवी बाळाचा जीव घेतला. चित्रांत दिसणारं हसरं चिंपांझी हे बहुधा पिल्लू असतं, आणि ते दात विचकणं बऱ्याचदा भीतीचं असतं. ते घरात पाळायची गोष्ट नव्हे.

डायान फॉसी आणि बिरूते गॅल्डिकास यांच्याशी काय संबंध?

तिघींनाही लुई लीकी यांनीच पुढे आणलं. फॉसी यांनी १९६७ मध्ये रवांडात कारिसोके हे केंद्र उभारून पर्वती गोरिलांचा अभ्यास केला. डिसेंबर १९८५ मध्ये तिथेच त्यांची हत्या झाली. गॅल्डिकास १९७१ मध्ये बोर्निओतल्या तांजुंग पुतिंगमध्ये ओरांगउटानांचा अभ्यास करायला गेल्या.

इतकं रुजलेलं काम सोडून त्या जगभर का फिरू लागल्या?

१९८६ मध्ये शिकागोत चिंपांझी-संशोधकांची परिषद झाली. त्याच वर्षी गोंबेच्या पंचवीस वर्षांवरचा त्यांचा जाडजूड शास्त्रीय ग्रंथ आला होता. परिषदेत आफ्रिकेच्या प्रत्येक भागातून एकच बातमी होती: जंगलं तुटतायत, मांसासाठी शिकार होतेय, पिल्लं विकली जातायत. प्रयोगशाळांतल्या चिंपांझींची चित्रफीतही दाखवली गेली. जेन म्हणत, मी तिथे शास्त्रज्ञ म्हणून गेले आणि कार्यकर्ती होऊन बाहेर पडले. त्यानंतर वर्षातले सुमारे ३०० दिवस त्या प्रवासात असत, आणि हे नव्वदीपर्यंत चाललं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१३ मध्ये आपल्या बहुतेक प्रयोग-चिंपांझींना निवृत्त करायचं ठरवलं आणि २०१५ मध्ये उरलेल्यांनाही. यात अनेक संस्थांचा वाटा आहे. पण चिंपांझीला नाव, आई आणि दुःख असतं हे लोकांना आधी माहीत झालं नसतं, तर हा निर्णय झाला असता असं मला वाटत नाही.

गोंबेभोवतालच्या गावांसाठी काय केलं?

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लहान विमानातून पाहिलं तर उद्यानाच्या हद्दीबाहेर डोंगर बोडके दिसले. गोंबे उद्यान अवघं ३५ चौरस किलोमीटरच्या आसपास, १९६८ पासून राष्ट्रीय उद्यान. भोवती गरिबी, निर्वासित, खचलेली जमीन. या लोकांची सोय पाहिल्याशिवाय चिंपांझी वाचणार नाहीत, हे त्यांनी ओळखलं. १९९४ मध्ये टेक केअर (TACARE) हा कार्यक्रम सुरू झाला. त्यात सुरुवातीला रोपवाटिका, शेती, पाणी आणि आरोग्य होतं, पुढे बायकांना छोटी कर्जं, मुलींना शिष्यवृत्त्या. नंतर उपग्रहाच्या नकाशांवर गावकऱ्यांनी स्वतः आपली वनराखीव क्षेत्रं आखली. काही डोंगर पुन्हा हिरवे झाले.

मुलांसाठीचा रूट्स अँड शूट्स हा उपक्रम १९९१ मध्ये दार-एस-सलाममध्ये मूठभर विद्यार्थ्यांसोबत सुरू झाला आणि अनेक देशांत पसरला. काँगो प्रजासत्ताकात चिम्पुंगा हे अनाथ चिंपांझींचं आश्रयस्थान १९९२ पासून आहे.

त्यांच्या एका पुस्तकावरून वाद झाला होता ना?

हो. २०१३ मध्ये वनस्पतींवरच्या त्यांच्या पुस्तकात इतरांचा मजकूर श्रेय न देता आल्याचं एका वृत्तपत्राने दाखवलं. त्यांनी माफी मागितली, प्रकाशन थांबलं आणि दुरुस्त आवृत्ती २०१४ मध्ये आली. चूक गंभीर होती. गोंबेच्या नोंदींशी तिचा संबंध नाही.

कोणते सन्मान मिळाले?

बरेच. १९९० चं क्योटो पारितोषिक, २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिदूत, ब्रिटनचा डेम किताब, २०२१ चं टेम्पलटन पारितोषिक, आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेचं प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम.

आता गोंबेत काम चालू आहे का?

चालू आहे. संशोधकांचे गट आजही ठरलेल्या चिंपांझीमागे सकाळी घरट्यापासून रात्रीच्या घरट्यापर्यंत जातात आणि तो कोणासोबत आहे, काय खातो, कुठे जातो हे ठरावीक वेळाने टिपतात. जोडीला नवी साधनं आली आहेत. विष्ठेच्या नमुन्यांवरून वडील कोण ते कळतं. जेन यांच्या सुरुवातीच्या काळात फक्त आईच सांगता यायची. त्याच नमुन्यांतून एड्सच्या विषाणूशी नातं असलेला एसआयव्ही सापडला. हा विषाणू चिंपांझींना निरुपद्रवी असतो असं मानलं जाई. २००९ मध्ये गोंबेच्या नऊ वर्षांच्या नोंदींवरून कळलं की बाधित चिंपांझींच्या मृत्यूचा धोका १० ते १६ पट जास्त आहे. जुन्या वह्या, तक्ते आणि चित्रफिती संगणकावर आणल्या गेल्या आहेत, आणि जेन यांचा जन्मही झाला नव्हता तेव्हा जन्मलेल्या फ्लोच्या वंशावळीत अजून भर पडते आहे.